तपकिरी दाराचा डेल्बर्ट

माझ्या निधनाची बातमी मला फोनवर कळली. पण ती पुढे येईल. आधी माझ्या बायकोच्या गुडघ्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय माझं निधन तुम्हाला नीट समजायचं नाही.

नोरीनचा उजवा गुडघा बिघडला तेव्हा माझ्याकडे मोठा ट्रक होता. मोठा म्हणजे टेक्सासमधला मोठा. त्यात माणूस बसत नाही, चढतो. आधी पायरी, मग दांडी, मग देवाचं नाव. गुडघा बिघडल्यावर मी स्वयंपाकघरातलं स्टूल गाडीत ठेवलं आणि त्याला दोरी बांधली. नोरीनने स्टुलावरून चढायचं आणि वर बसल्यावर दोरीने स्टूल ओढून घ्यायचं, विहिरीतून बादली काढतात तसं. ही युक्ती माझी. मला तिचा अभिमान होता, नोरीनला नव्हता. एका रविवारी चर्चच्या आवारात दोरी निसटली, स्टूल खाली राहिलं, आणि आमचे पाद्री ब्रदर वेंडेल यांनी आपली गाडी मागे घेताना त्याचा चुराडा केला.

"डेल्बर्ट," नोरीन म्हणाली, "हा ट्रक किंवा मी. आणि उत्तर द्यायच्या आधी विचार करू नकोस."

मी विचार केला. थोडासाच केला, पण तिने तो पाहिला.

त्या दिवसापासून ती आपल्या जुन्या मोटारीने यायला लागली. रविवारी पुढे मी ट्रकमध्ये एकटा आणि मागे ती मोटारीत एकटी, असे आम्ही चर्चला जायचो. इतक्या सावकाश, एकामागोमाग एक जाणाऱ्या गाड्या पाहून लोकांना वाटायचं अंत्ययात्राच आहे. मग आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे समोरून येणारे आपली गाडी कडेला घेऊन टोपी काढायचे. सुरुवातीला मला याची गंमत वाटली. पुढे पुढे मात्र शेजारची रिकामी सीट खुपायला लागली. नोरीनला वाटेतल्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचायची सवय आहे. 'ताजी अंडी', 'कुंपणाच्या आत येऊ नये', 'येशू येत आहे'. पंचवीस-तीस वर्षं मी त्या सवयीला वैतागलो होतो, आणि आता त्या पाट्या मला एकट्याला मनातल्या मनात वाचाव्या लागत होत्या. म्हणून मी ठरवलं की मोठा ट्रक विकायचा आणि मधल्या मापाचा घ्यायचा. शिडीविना चढता येईल असा.

आमच्या बॅस्कम गावात सकाळी कॅफेतल्या एका ठरलेल्या टेबलावर आम्ही काही मंडळी कॉफीला बसतो. तिथे मी हे जाहीर केलं. रॉइस टॅकेटने कप खाली ठेवला. हा रॉइस माझ्या घरासमोर राहतो. वीज कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्याने स्वतःला दुसऱ्यांच्या भानगडींना वाहून घेतलं आहे.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्याने हळूच विचारलं.

"कुठले डॉक्टर? मी ठणठणीत आहे."

"मग नोरीन सोडून चाललीय."

"अरे, ती जाऊ नये म्हणून तर घेतोय!"

"हं. म्हणजे प्रकरण इथवर आलंय," रॉइस बाकीच्यांना म्हणाला, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, ट्रक ठेव आणि गुडघा बदल. दुसरा म्हणाला, मधला ट्रक म्हणजे ना धड मोटार ना धड ट्रक, असल्या वस्तूला माणूस नाव तरी काय देणार. रॉइसला माझी खरोखर दया आली असावी. तो म्हणाला, "माझ्याकडे गुरं चढवायची उतरती फळी पडलीय. ती लाव की दाराला. साताठशे किलोची गाय आरामात चढते तिच्यावरून." हा सल्ला मी घरी सांगितला नाही. मला अजून जगायचं होतं.

ट्रक गेलन स्टिट नावाच्या माणसाने घेतला. तो नुकताच डॅलसहून आमच्याकडे राहायला आला होता. एकटा, उंच, अतिशय अदबशीर माणूस. बिलियर्ड्ससारखा पूल खेळायच्या टेबलांवरचं हिरवं कापड फाटलं की नवं बसवून द्यायचं, हा त्याचा धंदा. अशी टेबलं कुठे कुठे असतात याचा मी त्या वेळी विचार केला नाही. विचार करण्याबद्दल मी आधीच एकदा मार खाल्ला होता.

आता त्या ट्रकबद्दल एक सांगायला हवं. तो पांढरा होता, पण चालकाच्या बाजूचं दार तपकिरी. मूळ दार एका बैलाने आत घातलं होतं, आणि भंगारवाल्याकडे तेवढं एकच दार शिल्लक होतं. त्यामुळे माझा ट्रक कोसभरावरून ओळखू यायचा. आणि आमच्या भागात माणूस ट्रकवरूनच ओळखतात. समोरून ओळखीचा ट्रक आला की स्टिअरिंगवरचा हात न काढता फक्त एक बोट उचलायचं, हा आमचा नमस्कार. उन्हामुळे काचेआडचं तोंड कुणालाच दिसत नाही आणि कुणी बघतही नाही. बोट ट्रकला उचललं जातं. माणूस आत असतोच असं गृहीत धरतात.

करडा, मधल्या मापाचा ट्रक घेऊन मी पहिल्या दिवशी बाहेर पडलो. नोरीन शेजारी बसली होती. ती चढली नाही, बसली! सोफ्यावर बसतात तशी. "ताजी अंडी," तिने वाचलं. मला इतकं बरं वाटलं की समोरून रॉइस येताना दिसल्यावर मी दोन बोटं उचलली.

रॉइसने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या दिवशी मी गावभर बोट उचलत हिंडलो. शाळेच्या मुख्याध्यापकांना, टपालवाल्याला, ज्याच्या मुलीच्या लग्नाचं सगळं सामान मी वाहून दिलं त्या माणसाला. एकाचंही बोट हललं नाही. उलट संध्याकाळी माझ्याच घरासमोर शेरीफच्या माणसाने निळा दिवा लावून मला थांबवलं. ट्रॅव्हिस नावाचा हा हवालदार लहानपणी माझ्या रविवारच्या वर्गात होता.

"मिस्टर डेल्बर्ट, तुम्ही?" तो खिडकीत वाकून म्हणाला. "सर, माफ करा. छोट्या ट्रकमधून कुणी परका माणूस फिरतोय आणि लोकांना खुणा करतोय अशी तक्रार आली होती."

"कुणाची तक्रार?"

"ते सांगता येत नाही, सर," असं म्हणून त्याने मिस ओलीथाच्या खिडकीकडे पाहिलं. तिथला पडदा हलला.

मिस ओलीथा क्रेब्स सत्तरी ओलांडलेल्या आहेत आणि गावात काय चाललं आहे ते गावाच्या आधी त्यांना कळतं. तीनच दिवसांनी त्या हातात भांडं घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. आमच्याकडे कुणाच्या घरी संकट आलं की शेजारणी ओव्हनमध्ये भाजलेल्या नूडल्सचं भांडं आणून देतात. वर चीजचा थर असतो. संकट जितकं मोठं तितका थर जाड. हा थर बोटभर होता.

"नोरीन, पोरी, धीर धर," त्यांनी तिला मिठी मारली. "सगळं गाव तुझ्या पाठीशी आहे."

नोरीनला वाटलं, गुडघ्याची चौकशी चालली आहे. "आता सवय झाली हो, मिस ओलीथा. रात्री जरा जास्त होतं एवढंच."

"अगं बाई! रात्रीसुद्धा?" म्हणत मिस ओलीथा डोळे पुसत गेल्या.

उलगडा व्हायला ब्रदर वेंडेल यांचं बोलावणं यावं लागलं. मी चर्चचा डीकन आहे, म्हणजे चर्चच्या कारभारातला एक जबाबदार माणूस, आणि आम्ही बाप्टिस्ट लोक दारूला शिवत नाही. निदान एकमेकांच्या देखत शिवत नाही. ब्रदर वेंडेल यांच्या खोलीत आणखी दोन डीकन तोंड पाडून बसले होते.

"डेल्बर्ट, बंधो," ब्रदर वेंडेल म्हणाले, "आम्ही कुणी तुझा न्याय करायला बसलो नाही. पण सोमवारी हायवेवरच्या बारसमोर तुझा ट्रक सकाळपासून होता. मंगळवारी दुसऱ्या बारसमोर. बुधवारी तर तू प्रार्थनेलाही आला नाहीस. तुझा ट्रक नदीकाठच्या डान्स हॉलसमोर होता."

"बुधवारी मी प्रार्थनेत तुमच्या समोर बसलो होतो, ब्रदर! पहिल्या रांगेत!"

"ट्रक नव्हता," एक डीकन म्हणाला.

"कारण मी तो विकला! मधल्या मापाचा घेतला!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ब्रदर वेंडेल यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दारूचं आम्ही समजून घेऊ, डेल्बर्ट. पण असलं खोटं बोलू नकोस रे. चांगल्या घरातला माणूस आहेस तू."

मी त्यांना ओढतच खिडकीशी नेलं. खाली माझा करडा ट्रक उभा होता. "तो बघा!" मी म्हणालो. नेमका तेव्हा रस्त्यावरून तपकिरी दाराचा पांढरा ट्रक गेला. ब्रदर वेंडेल यांचा एक हात माझ्या खांद्यावर होता. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी उचललं.

"डेल्बर्ट घाईत दिसतोय," ते म्हणाले.

ते हे मला म्हणाले. खांद्यावरचा हातही त्यांनी काढला नव्हता.

मग सरकारी कागदानेच हा तंटा मिटेल असं मला वाटलं. मी स्वतः पाणीपुरवठा कार्यालयात काम करतो, त्यामुळे सरकारी कागदावर माझी श्रद्धा आहे. त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, वाहनांच्या नोंदी ठेवणारी व्हर्ना मे बसते. तिला म्हटलं, ट्रक माझ्या नावावरून निघाला असा शिक्क्याचा दाखला दे.

"पण निघालाच नाहीये," व्हर्ना मे म्हणाली. "अर्ज मी बाजूला ठेवलाय."

"का?"

"म्हटलं, तुझं मन बदललं असेल. आज सकाळी त्याच ट्रकमधून तर तू मला बोट उचललंस."

"तो गेलन स्टिट होता!"

"त्या नव्या माणसाची माझी ओळखसुद्धा नाही. तो मला कशाला बोट उचलेल?" तिने खिडकीवर 'जेवणाची सुट्टी'ची पाटी लावली. नोरीन असती तर तिने ती मोठ्याने वाचली असती.

याच्या पुढच्याच आठवड्यात माझं निधन झालं. गावातल्या अंत्यसंस्कार करणाऱ्या दुकानाच्या मालकाने मागच्या खोलीत, रिकाम्या वेळासाठी, पूलचं टेबल ठेवलं आहे. त्याचं कापड फाटलं. गेलन दुपारभर तिथे होता, ट्रक मागच्या दाराशी लावलेला. आमच्या गावात त्या मागच्या दाराशी कोण जातं हे सगळ्यांना माहीत आहे. मी कामावरून घरी आलो तर नोरीन स्वयंपाकघरात भांड्यांच्या गराड्यात बसली होती. नूडल्स, बटाटे, कोंबडी, आणि वर चीजचे थर असे की खाली काय आहे ते दिसेना.

"डेल्बर्ट," ती चमच्याने उकरत म्हणाली, "तू मेलायस वाटतं. बटाट्याचं छान झालंय, खातोस का?"

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. रॉइस होता.

"फार वाईट झालं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आमचा डेल्बर्ट गेला."

"रॉइस, मी डेल्बर्टच बोलतोय!"

पलीकडे रॉइस नाक शिंकरत होता. मग म्हणाला, "आवाज अगदी त्याच्यासारखा आहे हो. भाऊ का तुम्ही? त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही. तसा तो चिकटच होता, पण मनाने वाईट नव्हता."

मी फोन आपटला आणि पायी रस्ता ओलांडून त्याच्या दारात उभा राहिलो. मला पाहून त्याला आनंद झाला असेल अशी तुमची समजूत असेल तर ती चुकीची आहे. तो म्हणाला, "मग बायकोने पीकन नट्सचा केक बेक केलाय, त्याचं काय करू?" मी तो केक घेऊन घरी आलो. मात्र त्या रात्री माझा निश्चय झाला.

"मी माझं नाव परत घेणार," मी नोरीनला सांगितलं.

"ट्रक परत घेणार म्हण," ती म्हणाली. तिने बटाट्याच्या भांड्यावर झाकण ठेवलं आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी मी गेलनकडे गेलो. त्याच्या अंगणात दोन जुने फ्रीज, एक पियानो आणि कुणाच्या तरी आजीचा पलंग पडला होता. गेलन कंबर धरून पायरीवर बसला होता.

"या, मिस्टर हचिन्स! काय गाव आहे हो तुमचं!" तो म्हणाला. "डॅलसमध्ये मला शेजारच्याचं नाव माहीत नव्हतं. इथे सगळं गाव बोट उचलतं! लोक खिडकीतून कलिंगडं टाकतात. एक बाई म्हणाली, 'शनिवारी ये, नेहमीप्रमाणे.' म्हणून गेलो, तर त्यांनी घर बदललं आणि सगळं सामान मी वाहिलं. मला वाटलं, इथली पद्धतच असेल."

ती पद्धत नव्हती. तो मी होतो.

"खरं सांगू?" गेलन हळूच म्हणाला. "या धावपळीत माझा धंदा मागे पडतोय. आणि कंबर गेली. तुम्हाला हवा असेल तर मेळाव्याच्या दिवशी ट्रक परत घेऊन टाका. तेवढा मेळावा होऊ दे. चर्चच्या लोकांनी मला काहीतरी ओढायला सांगितलंय, मी हो म्हणून बसलोय."

ते काहीतरी म्हणजे आमच्या चर्चची भट्टी. चाकांवरची, आडव्या पिंपासारखी, अख्ख्या गावाचं मांस एका वेळी भाजणारी लोखंडी भट्टी. दर वर्षी जुन्या वसाहतकऱ्यांच्या, म्हणजे गाव वसवणाऱ्यांच्या आठवणीच्या, मेळाव्यात ती मिरवणुकीच्या अग्रभागी असते आणि तिला जुंपलेला ट्रक माझा असतो. गावात मला दुसरा कुठलाही मान नाही, आणि हा एक पुरेसा होता.

मी धावत ब्रदर वेंडेल यांच्याकडे गेलो. मी जिवंत असल्याचं आणि ट्रक विकल्याचं त्यांना एव्हाना कळलं होतं, म्हणजे मिस ओलीथांनी कळवलं होतं.

"डेल्बर्ट, बंधो, चिंता नको," ते म्हणाले. "यंदा आम्ही तुझा सत्कारच ठेवलाय. इतक्या वर्षांची सेवा! तुझा ट्रक सगळ्यांत पुढे राहील."

"आणि मी?"

ब्रदर वेंडेल जरा गोंधळले. "तू... ये ना. जागा असेल कुठेतरी."

जागा घोड्यांच्या मागे होती. मेळाव्याच्या दिवशी मी आणि नोरीन करड्या ट्रकमध्ये बसून घोड्यांच्या मागून, घोड्यांनी वाटेत जे जे ठेवलं ते चुकवत, सावकाश जात होतो. पुढून ध्वनिक्षेपकाचा आवाज येत होता. "टाळ्या वाजवा, मंडळी! आपला डेल्बर्ट हचिन्स!" लोक ओरडत होते, शिट्ट्या मारत होते. वळणावर मला दिसलं की तपकिरी दारावर फुलांचा हार लावला होता, आणि आतून एक बोट अदबीने वर येत होतं. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या रॉइसचे डोळे भरून आले होते. आमचा करडा ट्रक त्याच्या अगदी पुढ्यातून गेला तेव्हा तो माझ्या खिडकीवर थाप मारून म्हणाला, "ओ साहेब, जरा पुढे घ्या, डेल्बर्ट दिसत नाही."

मला रडू येईल असं वाटलं. नोरीनला हसू आवरत नव्हतं. ती पाट्या वाचत होती. "'डेल्बर्ट, आम्ही तुझे ऋणी आहोत,'" तिने वाचलं, आणि हसता हसता डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मोठ्या ट्रकमध्ये तिचं डोकं माझ्या खांद्यापर्यंत पोचत नसे. मध्ये फार अंतर होतं.

मैदानावर मिरवणूक थांबली. भट्टी सोडून गेलन आमच्याकडे आला आणि त्याने खिडकीतून किल्ली पुढे केली. ती माझी जुनी किल्ली होती, तिच्यावरच्या पितळी शिंगासकट. "घ्या, मिस्टर हचिन्स. लोकांना तुम्ही हवे आहात."

मी नोरीनकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं. मग दार उघडून ती खाली उतरली. आधी एक पाय, मग दुसरा, स्टूल नाही, दोरी नाही. खाली उभं राहून तिने पर्स उघडली आणि पर्समधून आपल्या जुन्या मोटारीची किल्ली काढली.

"आणून ठेवली होती," ती म्हणाली. "लागेल म्हणून. ट्रक घे तुला हवा तर, डेल्बर्ट. मी तुझ्या मागून येईन, नेहमीसारखी."

या वेळी मी विचार केला नाही.

"गेलन," मी म्हणालो, "ट्रक तुझा, आणि नावही ठेवून घे. फक्त शनिवारी कुणी बोलावलं तर कंबर दुखते म्हणून सांग. डेल्बर्टला आता तेवढं म्हणता यायला हवं." आणि नोरीनला म्हटलं, "ती किल्ली ठेव आत. आणि बस लवकर, घोडे मागे सरकताहेत."

आता रविवारी आम्ही एकाच गाडीने चर्चला जातो. कुणी टोपी काढत नाही. कुणी बोटही उचलत नाही. वाटेत नोरीन पाट्या वाचते. कालच समोरून तपकिरी दाराचा पांढरा ट्रक आला, तेव्हा मी स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं. तिकडून लगेच बोट वर आलं.

"कोण रे तो?" नोरीनने तोंड गंभीर ठेवून विचारलं.

"डेल्बर्ट हचिन्स," मी म्हटलं. "भला माणूस. बायको मात्र बिचाऱ्याची वेगळ्या गाडीने यायची."

"आणि आता?"

"आता त्याच्या मागे दिसत नाही."

"बरं झालं," नोरीन म्हणाली, आणि पुढची पाटी वाचायला लागली.